सगळं धरून किती?

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी ठरवायला घरातली मंडळी बसली की पहिला प्रश्न जागेचा असतो आणि दुसरा पैशांचा. या दुसऱ्या प्रश्नाला ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ रिसॉर्ट एकाच आकड्यात उत्तर देतं. खोली, तीन वेळचं जेवण, मधल्या वेळचं खाणं, पेयं, पोहण्याचा तलाव, मुलांचे खेळ, संध्याकाळचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम, सगळं त्या आकड्यात आलं. एकदा पैसे भरले की परत निघेपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही. आकडा मोठा असतो, म्हणून मन कचरतं. आणि निश्चिंतीचं आश्वासनही मोठं असतं, म्हणून मोह सुटत नाही.

अशी सुट्टी घेण्यासारखी आहे का? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. रिसॉर्टच्या आत काय काय मिळतं यावरून त्याचा निर्णय होत नाही. रिसॉर्टच्या फाटकाबाहेर काय आहे, आणि तुम्ही तिथे जाणार आहात का, यावरून तो होतो. हे पटण्यासाठी ही व्यवस्था कुठून आली, तिचं गणित कसं चालतं आणि पैसे कुणाकडे जातात, हे पाहायला हवं.

तंबूपासून तटबंदीपर्यंत

सगळं एका किमतीत देण्याची कल्पना श्रीमंतांसाठी जन्मलेली नाही. 1936 मध्ये बिली बटलिन यांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केगनेस इथे सुट्टीची छावणी उघडली. राहायला छोट्या खोल्या, तीन वेळचं जेवण आणि दिवसभर करमणूक, हे सगळं आठवड्याच्या एका दरात. गिऱ्हाईक होतं कारखान्यांत आणि कचेऱ्यांत राबणारं कुटुंब. 1938 मध्ये ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा झाला आणि अशा छावण्यांची गरज आणखी वाढली. ज्याच्या हातात मोजके पैसे आहेत, त्याला खर्च आधी कळणं हा फार मोठा दिलासा असतो.

दुसरा टप्पा स्पेनच्या मायोर्का बेटावरचा. 1950 मध्ये जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने अल्कुदिया इथे समुद्रकाठी तंबूंचं गाव वसवलं. महायुद्धाने थकलेल्या माणसांना ऊन, समुद्र, खेळ आणि एकत्र जेवण मिळावं, हा हेतू. ‘क्लब मेडिटेरनी’ म्हणजे आजचं ‘क्लब मेड’ ते हेच. तंबू पुरवणाऱ्या व्यापारी घराण्यातले जिल्बेर त्रिगानो पुढे या संस्थेत आले आणि त्यांनी तिचा मोठा उद्योग केला. तिथे राहणं-जेवण आधीच्या पैशांत असे. वरच्या पेयांसाठी गळ्यातल्या माळेचे मणी काढून द्यायचे. सुट्टीवरच्या माणसाच्या हातात नोटा दिसू नयेत, हा त्यामागचा विचार होता. तंबूंच्या त्या गावापासून निघालेली ही कंपनी 2015 मध्ये फोसुन या चिनी उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली.

तिसरा टप्पा जमैकाचा. 1970 च्या दशकात तिथे राजकीय हिंसाचार आणि गुन्हेगारी वाढली, पर्यटक घाबरू लागले. हॉटेलवाल्यांनी उपाय काढला: पाहुण्याला बाहेर पडावंच लागू नये अशी सोय करायची. जॉन इसा यांच्या समूहाने हा प्रकार तिथे रुजवला आणि 1981 मध्ये गॉर्डन ‘बुच’ स्टुअर्ट यांनी मॉन्टेगो बे इथलं एक जुनं हॉटेल घेऊन ‘सँडल्स’ सुरू केलं. पुढे मेक्सिकोतलं कॅनकून, डॉमिनिकन प्रजासत्ताकातलं पुंता काना, तुर्कीतलं अंताल्या असे किनारेच्या किनारे या पद्धतीने उभे राहिले. कामगारांची सोय म्हणून सुरू झालेल्या कल्पनेला इथे उंच कुंपण आलं, आणि आजचं रिसॉर्ट आपण ओळखतो ते या कुंपणासह.

गणित कसं चालतं

‘हवं तेवढं खा’ म्हणणाऱ्या हॉटेलचं नुकसान होत नाही का? होत नाही, कारण ते एका पाहुण्याचा हिशेब करत नाही. शेकडो पाहुण्यांची सरासरी धरतं. एक तरुण चार माणसांचं खातो, त्याच वेळी एक आजी दोन इडल्यांवर उठतात. खोल्या किती भरल्या आहेत हे आधी ठाऊक असल्याने भाजी, मासे, दूध, दारू यांची खरेदी घाऊक होते. बिलं करणारी, सुटे पैसे देणारी माणसं कमी लागतात. बुफेत पाहुणा स्वतःच वाढून घेतो, त्यामुळे वाढपीही कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे आधी हातात येतात. मांडणीतही विचार असतो. ब्रेड, भात, पास्ता, बटाटा हे स्वस्त आणि पोट भरणारे पदार्थ हाताशी, तर कोळंबी किंवा मांस शेवटच्या टेबलावर, बहुधा आचारी स्वतः वाढणार अशा बेताने.

यातून आपल्यासारख्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. परदेशातल्या पॅकेजच्या किमतीत दारूचा वाटा बराच असतो. ज्या घरात कुणी पीत नाही, ते घर शेजारच्या खोलीतल्या पिणाऱ्याचा खर्च उचलत असतं. शाकाहारी कुटुंबाचंही तसंच. सीफूडच्या रात्रीचे पैसे त्यांनीही भरलेले असतात. अशा घरांनी ‘फुल बोर्ड’, म्हणजे फक्त तिन्ही वेळचं जेवण, असा दर मागावा. तो पुष्कळ ठिकाणी वेगळा मिळतो आणि बराच कमी असतो.

भारतात मद्यासह सगळं धरलेली पॅकेजेस कमी दिसतात. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे आणि त्याचे परवाने व कर राज्यागणिक बदलतात. आपल्याकडे खेळ चालतो तो जेवणाच्या योजनांचा. बुकिंग करताना चार संक्षेप दिसतात. ‘ईपी’ म्हणजे फक्त खोली. ‘सीपी’ म्हणजे खोली आणि नाश्ता. ‘एमएपी’मध्ये नाश्ता आणि एक मुख्य जेवण, बहुधा रात्रीचं. ‘एपी’मध्ये नाश्ता आणि दोन्ही जेवणं. दर विचारताना पूर्ण रकमांची तुलना करू नका. दोन योजनांमधला फरक काढा आणि तो फरक वसूल होतो का, ते बघा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौघांचं कुटुंब गोव्यात तीन रात्री राहणार आहे. नाश्त्यासह खोली दिवसाला 9,000 रुपये आणि सगळं धरून 17,000 रुपये. म्हणजे फरक दिवसाला 8,000 आणि तीन दिवसांचा 24,000. समजा हॉटेलातच सुटं खाल्लं तर दुपारचं जेवण 3,000, रात्रीचं 5,000 आणि चहा-फराळ 1,000 पडतो. कुटुंब तिन्ही दिवस आतच राहिलं तर हा खर्च 27,000 होतो. पॅकेजने 3,000 वाचतात. पण त्यांनी दोन दिवस दुपारी बाहेर भटकायचं ठरवलं, तर आत होतात तीन रात्रीची जेवणं, एक दुपारचं आणि तीन फराळ. हॉटेलच्या महाग दरानेही त्याचे 21,000 होतात. हाच फराळ आणि हीच जेवणं बाहेरच्या साध्या खानावळीत घेतली तर खर्च याच्या निम्म्यावर येऊ शकतो. पॅकेज स्वस्त पडतं ते न हलणाऱ्याला.

मन काय करतं

तरीही माणसं खुशीने पॅकेज घेतात, आणि ती चुकत नाहीत. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकांनी 1998 मध्ये मांडलं, की पैसे देताना माणसाला एक बारीकशी वेदना होते आणि ती उपभोगाच्या आनंदात मिसळते. पैसे आधीच देऊन टाकले तर उपभोगाच्या क्षणी ती बोच उरत नाही. मुलाने दुसरं आइस्क्रीम मागितलं आणि बापाच्या कपाळावर आठी आली नाही, ही त्या आगाऊ भरलेल्या पैशांची खरी मिळकत असते.

पण या सुखाची दुसरी बाजूही अभ्यासली गेली आहे. स्तेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या सदस्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला 70 डॉलरहून जास्त वर्गणी भरणारे लोक महिन्यात सरासरी 4.3 वेळाच जात होते. म्हणजे एका फेरीला 17 डॉलरहून जास्त पडत होते, आणि तिथेच दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर फेरी 10 डॉलरला पडली असती. एकरकमी पैसे भरताना आपण आपल्या वापराचा अंदाज फुगवतो. रिसॉर्टची यादी वाचताना आपल्याला कयाक, तिरंदाजी, योगवर्ग, स्टीमबाथ सगळं करायचं असतं. प्रत्यक्षात दोन दिवस तलावाकाठी जातात.

याहून मोठा धोका वेगळा आहे. भरलेले पैसे वसूल करण्याच्या ओढीने माणूस फाटकाबाहेर जात नाही. बाहेर उत्तम जेवण मिळत असलं तरी ‘आतलं फुकट आहे ना’ या विचाराने पाय मागे फिरतात. ते फुकट नसतं, पण मनाला तसं वाटतं. पैसे तर गेलेलेच असतात. त्यांच्यामागे दिवसही जातो.

एकाच महासागरातली दोन उत्तरं

जागेने उत्तर कसं बदलतं, हे मालदीव आणि मॉरिशस शेजारी ठेवून पाहावं. दोन्ही हिंदी महासागरातले बेटदेश, आणि दोन्ही मराठी मधुचंद्राच्या यादीत हमखास असलेले.

मालदीवमध्ये पर्यटन 1972 मध्ये कुरुंबा या रिसॉर्टपासून सुरू झालं आणि तिथे ‘एका बेटावर एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुजली. अख्खं बेटच हॉटेल. तिथे दुकान नाही, टपरी नाही, दुसरं उपाहारगृह नाही. अन्नधान्य, भाज्या, फळं जवळपास सगळं बाहेरून येतं, त्यामुळे सुटे दर चढे. त्यावर दहा टक्के सेवा आकार आणि पर्यटनावरचा जीएसटी, जो जुलै 2025 पासून 17 टक्के झाला आहे. लोकवस्तीच्या बेटांवर मद्यविक्री नाही आणि देशात येताना बाटली नेता येत नाही. ती मिळते मुख्यतः रिसॉर्टवर. अशा ठिकाणी फाटकाबाहेर आहे तो फक्त समुद्र. इथे जेवणासह, आणि पिणाऱ्यांनी सगळं धरून पॅकेज घेणं हाच शहाणपणा. नाहीतर प्रत्येक पाण्याच्या बाटलीला हिशेब करत चार दिवस जातात. बेटापर्यंतच्या स्पीडबोटीचे किंवा सीप्लेनचे पैसे मात्र पॅकेजमध्ये आहेत का, हे आधी विचारावं. सीप्लेनचं भाडं मोठं असतं, आणि ती फक्त दिवसा उडतात. विमान संध्याकाळी उतरलं तर एक रात्र मालेजवळ काढावी लागते. कमी खर्चात जायचं असेल तर माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं आहेत, आणि तिथे स्थानिकांच्या हातचं खाता येतं.

मॉरिशसचं उलट. तिथल्या रिसॉर्टमध्येही सगळं धरून दर मिळतात, पण फाटकाबाहेर एक अख्खा देश आहे. समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. बस आहेत. पोर्ट लुईच्या रस्त्यावर डाळीचं सारण भरलेली पातळ ढोलपुरी मिळते आणि माहेबूरला सोमवारचा बाजार भरतो. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांमध्ये कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथे आहेत, घरात गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. इतक्या लांब जाऊन ही माणसं न भेटताच परतणं हे आपल्या हाताने केलेलं नुकसान आहे. मॉरिशसला नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढं धरलेला दर घ्यावा. दिवस आपला ठेवावा.

आपल्या जवळपासही हीच जोडी सापडते. ताडोब्याच्या मोहर्ली दाराजवळच्या रिसॉर्टमध्ये तिन्ही जेवणं धरूनच राहावं. पहाटे अंधारात सफारीला निघायचं, भर उन्हात परतायचं, दुपारी पुन्हा निघायचं. जेवण शोधत फिरायला वेळ नसतो आणि सोयही फारशी नसते. तिथल्या ‘जंगल प्लॅन’मध्ये जिप्सीचं भाडं, प्रवेश परवाना आणि गाइडचे पैसे धरले आहेत की नाहीत, एवढं मात्र विचारून घ्यावं. गोव्यात मात्र बाहेर पडावं. हुमण, किसमूर, तळलेली मासळी आणि सोलकढी वाढणारी घरगुती खानावळ, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, फोंतेन्यासच्या गल्ल्या, फोंड्याची देवळं यांसाठीच तर गोव्याला जायचं. तिथे बुफेच्या रांगेत तीनदा उभं राहायला पैसे भरू नयेत.

पैसे कुणाकडे जातात

हा प्रश्न पाकिटापुरता नाही. पाहुणा बाहेर पडला नाही तर रिक्षावाला, खानावळवाली, शहाळीवाला, गाइड यांच्या हाती काही लागत नाही. पर्यटकाने खर्च केलेल्या पैशांपैकी विमान कंपन्या, परदेशी हॉटेलसाखळ्या आणि आयात माल यांच्या वाटेने देशाबाहेर जाणाऱ्या हिश्शाला अर्थतज्ज्ञ गळती म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने दिलेल्या, जुन्या पण अजूनही सांगितल्या जाणाऱ्या अंदाजांत ही गळती कॅरिबियन बेटांसाठी 80 टक्के आणि भारतासाठी 40 टक्के धरली होती. आकडे कमीजास्त असतील, पण कुंपण जितकं उंच तितकी गळती मोठी, ही दिशा स्पष्ट आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशाने यावर थेट उपाय करून पाहिला. स्थानिक व्यावसायिक उपाशी राहतात म्हणून 1999 मध्ये सरकारने अशा पॅकेजवर बंदीच घातली. पण युरोपातून पाहुणे आणणाऱ्या कंपन्यांच्या दबावापुढे वर्षभराच्या आसपास ती मागे घ्यावी लागली. ज्यांच्याकडे गिऱ्हाईक आहे त्यांच्यापुढे छोट्या देशाचं काही चालत नाही, हे त्यातून दिसलं. स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी 2020 मध्ये दुसरा मार्ग धरला. मागालुफ आणि इतर काही भागांत अशा पॅकेजमधली मद्यपेयं दिवसाला सहावर आणली, तीन दुपारच्या आणि तीन रात्रीच्या जेवणाबरोबर. ज्या मायोर्का बेटावर 1950 मध्ये तंबूंचं ते गाव वसलं, त्याच बेटावर हा नियम आला.

सगळं धरून सुट्टी आणि गावाचं भलं एकत्र होऊच शकत नाही, असं मात्र नाही. आपल्याकडच्या यात्रा कंपन्या आचारी आणि भांडीकुंडी बरोबर घेऊन काशी-रामेश्वर घडवत आल्या आहेत. एका रकमेत प्रवास, मुक्काम आणि घरच्यासारखं जेवण. त्याहून चांगलं उदाहरण कृषी पर्यटनाचं. बारामती परिसरात 2005 च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी या कल्पनेला संघटित रूप दिलं आणि 2020 मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आणलं. माणशी एका रकमेत नाश्ता, चुलीवरचं जेवण, शिवारफेरी, बैलगाडी आणि थंडीच्या दिवसांत हुरडा. इथेही सगळं धरलेलं आहे, पण ज्वारी त्याच शेतातली, भाकरी थापणारी बाई त्याच घरातली आणि पैसेही त्याच गावात. कोकणातल्या घरगुती मुक्कामांचंही असंच असतं. तेव्हा दोष एका रकमेत नाही. मालकी कुणाची आणि माल कुठला, यावर सगळं अवलंबून आहे.

कुणी घ्यावं, काय विचारावं

काही घरांनी असं पॅकेज निःशंक घ्यावं. लहान मुलं असलेली जोडपी, गुडघे दुखणारे आजी-आजोबा सोबत असलेलं कुटुंब, तीन पिढ्यांचा मेळावा, आणि जिला फक्त झोप आणि शांतता हवी आहे अशी थकलेली व्यक्ती. विशेषतः वर्षभर दोन्ही वेळचा स्वयंपाक सांभाळणारी बाई. ‘आता जेवायचं काय?’ हा प्रश्न चार दिवस तिच्या वाट्याला न येणं, याची किंमत कुठल्याही कोष्टकात बसत नाही. ती सुट्टी खरी सुट्टी आहे.

पैसे भरण्याआधी मात्र काही गोष्टी लेखी विचाराव्यात. पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण धरलंय का? खोली दुपारी मिळते आणि सकाळी सोडावी लागते, त्यामुळे एक जेवण अनेकदा हातचं जातं. बुफेव्यतिरिक्तची उपाहारगृहं, खोलीतला फ्रिज, मोटारीवरचे पाण्यातले खेळ, स्पा हे आत की बाहेर? किती वयापर्यंतच्या मुलांना दर नाही? कर आणि सेवा आकार धरले आहेत का? नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत सक्तीच्या मेजवानीचे वेगळे पैसे आहेत का? रद्द केलं तर परतावा किती? परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला कर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हेही लक्षात ठेवावं.

आणि आगाऊ पैशांची जोखीम ओळखावी. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रिटनची थॉमस कुक ही 178 वर्षांची कंपनी बुडाली, तेव्हा दीड लाखांहून जास्त ब्रिटिश पर्यटक परदेशात अडकले. ट्युनिशियातल्या हम्मामेत इथल्या एका हॉटेलने तर कंपनीकडची थकबाकी पाहुण्यांनी भरावी म्हणून त्यांना बाहेर पडू दिलं नाही. ब्रिटनमध्ये अशा वेळी पर्यटकांना परत आणण्याची विमाव्यवस्था होती. भारतातली थॉमस कुक 2012 पासून वेगळ्या मालकीची असल्याने तिला झळ बसली नाही. पण धडा आपल्यालाही लागू आहे: मोठी रक्कम शक्यतो हप्त्यांत द्यावी, क्रेडिट कार्डाने द्यावी, आणि प्रवास विम्यात कंपनी बुडण्याची जोखीम धरली आहे का ते वाचावं.

माझा निर्णय साधा आहे. एकाच रिसॉर्टचं बेट, जंगल किंवा निव्वळ विश्रांती असेल तर सगळं धरून घ्या आणि मनात अपराधी भावना ठेवू नका. जिथे गाव, बाजार, देऊळ, समुद्र आणि खानावळ फाटकाबाहेर उभी आहेत, तिथे नाश्त्यापुरती, फार तर रात्रीच्या जेवणासह खोली घ्या आणि उरलेले पैसे त्या गावात खर्च करा. पुढच्या वेळी एजंटला ‘सगळं धरून किती?’ असं विचाराल, तेव्हा लगेच दुसरा प्रश्नही विचारा: फक्त नाश्ता धरून किती?